आजवर कधी झालं नाही

८ जानेवारी

सकाळी अभिनव आला होता. शिल्पाचा मुलगा. ही शिल्पा माझ्या तर्कशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर बसून स्वेटर विणायची आणि काठावर पास झाली. मुलाने सुपेल्यात सॉफ्टवेअरची कंपनी काढली आहे. कंपनी म्हणजे मिठाईच्या दुकानावर दोन खोल्या.

शहराबाहेरच्या एका खाजगी रोलिंग मिलचं काम त्याला मिळालं आहे. मिलमध्ये चार सॉफ्टवेअर आहेत. एक फर्नेसच्या गेटवर माणसं मोजतं, दुसरं दुरुस्तीच्या कामाची परमिटं देतं, तिसरं फर्नेस चालवतं, चौथं कँटीनचं. चौघांचं एकमेकांशी जमत नाही. सगळ्यांनी मान्य करावी अशी शब्दांची एक सामायिक व्यवस्था यांना बसवायची आहे. "मॅडम, उसको ऑन्टॉलॉजी कहते हैं," असं तो मला समजावून सांगू लागला. मला! मी उभा जन्म सत्ताशास्त्र शिकवलं. 'काय आहे आणि असणं म्हणजे काय' हा प्रश्न माणसांनी हजारो वर्षं चघळला. या पोरांनी त्याचा शब्दकोश केला आणि वर मोठं नाव दिलं.

"मग माझ्याकडे कशाला आलास?"

"मिलच्या मॅनेजरनं सांगितलंय, लॉजिकनं सिद्ध करून द्या. मम्मी म्हणाली, भिलाईत लॉजिक म्हणजे कमलिनी मॅडम."

शिल्पाला एवढं तरी कळलं.

मी हो म्हटलं. उपकार म्हणून नाही. एम.ए.ला नागपूरला मी मोडल लॉजिक घेतलं, तेव्हा वर्गात आम्ही तिघं होतो. जे आहे ते, जे असू शकतं ते आणि जे असलंच पाहिजे ते, या तिन्हींतला फरक मांडणारं शास्त्र. त्यानंतर ते मला एकदाही कोणी विचारलं नाही. साधा अनुमानाचा नियम शिकवण्यात नोकरी संपली.

रेणू स्वयंपाकघरातून सगळं ऐकत होती. रेणू माझी धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून इथे वैशाली नगरात माझ्याकडेच असते. कॉलेजात बोलून बोलून माझी बोली सरळ झाली, तिची जशी होती तशीच राहिली.

"ताई, त्याच मिलमध्ये भूपेंद्र हाय ना," ती म्हणाली. "तेजरामच्या टोळीत. त्याले भेटशील तिथं."

भूपेंद्र तिचा मुलगा. बी.एस्सी. अर्ध्यात सोडून फर्नेस साफ करतो. त्याला भेटायला मी मिलमध्ये जाणार नाही.

१६ जानेवारी

ऑफिसात गेले. गुंजन नावाची एक मुलगी हे काम बघते. घरी मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी आणि कॉम्प्युटरपुढे इंग्रजी. तिन्ही अर्धवट.

"मॅडम, चारों सॉफ्टवेअर का डेटा मॅच होऊन राहिलाय," ती अभिमानाने म्हणाली. "तीन साल का. एक पण फरक नाही. म्हणजे सगळे एकच गोष्ट मानतात ना?"

मी म्हटलं, "आज गुरुवार. मी गुरुवारी उपास करते. माझी बहीणही गुरुवारी दुपारी जेवत नाही. गेला दीड महिना दर गुरुवारी ती बोरसीला कोणा ओळखीच्या बाईकडे जाते, त्या घाईत तिचं जेवण राहतं. दोघींची ताटं कोरडी. दीड महिन्याचा तुझा डेटा मॅच झाला. आम्ही दोघी एकच गोष्ट मानतो का?"

"नाही."

"कशावरून नाही?"

तिने बोटांवर गुरुवार मोजले. मग म्हणाली, "एखाद्या गुरुवारी त्या बोरसीला गेल्या नाहीत, तर जेवतील. आप नहीं खाएँगी."

मुलगी अगदीच वाया गेलेली नाही. मी फळ्यावर चौकोन काढला. एखाद्या वाक्याआधी चौकोन काढला की अर्थ असा: हे प्रत्येक शक्य परिस्थितीत खरं आहे, खोटं होऊच शकत नाही. तोच चौकोन टोकावर उभा केला की अर्थ: निदान एका शक्य परिस्थितीत हे खरं आहे, म्हणजे असं होऊ शकतं.

"हा तर शंकरपाळा झाला," गुंजन म्हणाली.

झाला तर झाला. तिला सांगितलं, एखादं सॉफ्टवेअर सामायिक व्यवस्थेला बांधलेलं आहे, याचा अर्थ त्याने तेच शब्द उचलले असा नाही आणि आजवरच्या नोंदी जुळल्या असाही नाही. त्याला ज्या ज्या परिस्थितीची कल्पना करता येते, त्या सगळ्यांत ते वाक्य खरं धरायला ते बांधील आहे. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतःचा वेगळा चौकोन. सामायिक म्हणजे सगळ्यांच्या चौकोनांत बसेल तेवढंच.

अभिनव मागे उभा राहून मोबाईल बघत होता. "बढ़िया है मॅडम. कितने दिन में हो जाएगा?"

२७ जानेवारी

मिल पाहिली. डोक्यावर दिलेलं हेल्मेट कानाखाली येत होतं. त्यातून जग तसंही फारसं दिसत नाही, आणि तिथल्या साहेबांना तेच सोयीचं असावं.

रविवारी मिल बंद असते, फर्नेस थंड होते. फर्नेसखाली धूर नेणारा विटांचा बोगदा आहे, त्याला हे फ्लू म्हणतात. सोमवारी सकाळी टोळी त्यात उतरून राख आणि निखळलेल्या विटा काढते. काम झालं की टोळीचा मुकादम परमिटच्या खिडकीत पितळेचं टोकन परत करतो. टोकन आलं की परमिट बंद. परमिट बंद झालं की यांच्या नव्या व्यवस्थेत फर्नेसचं सॉफ्टवेअर समजणार, आत कोणी नाही, आणि बर्नर आपोआप पेटवणार. आतापर्यंत हे काम एक माणूस बघून, हाक मारून करत असे. तो आता नको.

खिडकीवर देवीदास नावाचा बाबू आहे. मी विचारलं, "टोकन आलं आणि तरी एखादा आत राहिला, असं होऊ शकतं का?"

"ऐसा आज तक कभी हुआ नहीं, मॅडम."

"मी झालं का ते विचारलं नाही. होऊ शकतं का?"

"हुआ ही नहीं तो होगा कैसे?"

पदवीधर आहे म्हणे.

तेजराम मुकादम तिथेच होता. गोंदियाकडचा, साठीला आलेला. त्यालाही तेच विचारलं.

"बाई, आमची गाडी या खिडकीपुढंच उभी राह्यते," तो म्हणाला. "सगळे कँप-एकच्या वस्तीतले, सगळे एकाच गाडीत. सगळे बसले का मी मोजतो, मंग टोकन देतो, मंग गाडी सुटते. एक जण राह्यला त गाडी हालत नाही. त्याची बायको मले कँपात जगू देईन का?"

टोळी हसली. भूपेंद्र त्यांच्यात होता. मला बघून त्याने मान खाली घातली. हसायचं तेवढं हसून.

तर असं आहे. तीन वर्षांचा डेटा जुळतो तो सॉफ्टवेअरमुळे नाही, या एका खटारा गाडीमुळे. आणि ती गाडी कोणाच्याच चौकोनात नाही.

२ फेब्रुवारी

रविवार. भूपेंद्र आला. नवी स्कूटी घेतली आहे. आल्या आल्या तिची किल्ली हरवली. सोफा हलवला, गादी उचलली, शेवटी ती फटीत सापडली. पँटच्या खिशाला भोक आहे म्हणतो. आई इतकं शिवणटिपण करते आणि या घोड्याला खिसा शिवून घेता येत नाही.

"पण स्कूटी लय कामाची हाय मावशी. बोरसीहून मिलचा रस्ता सरळ पडते."

"तू कँप-एकला राहतोस. बोरसीच्या रस्त्याचं तुला काय?"

"ताई, चहा थंडा होऊन राह्यला," रेणू मधेच म्हणाली.

त्याला मी माझं काम थोडक्यात सांगितलं. त्याच्याच जिवाचा प्रश्न आहे, ऐकावं. जांभई दिली.

"मावशी, तू कागदावर चौकोन काढतं. आमाले खऱ्या चौकोनात उतरावं लागते. फ्लूचं तोंड चौकोनीच हाय." आणि स्वतःच्याच विनोदावर मायलेक हसत सुटले. बरणीतून लोणचं काढून रेणूने त्याला डबाभर दिलं. डबा माझा. गेल्या महिन्यापासून या घरातले स्टीलचे डबे एकेक करून जात आहेत. भूपेंद्राची बायको करिष्मा भांडी परत करायची विसरते, दुसरं काय. आजकालच्या मुली.

११ फेब्रुवारी

मांडणी पूर्ण झाली. एका कोऱ्या पानावर मावते. गुंजनला ती कळली. अभिनवला कळली नाही, पण त्यातलं एक वाक्य मात्र त्याला बरोबर खुपलं.

'परमिट बंद झालं असेल, तर त्या टोळीतलं कोणीही आत नाही.'

परमिटच्या सॉफ्टवेअरच्या चौकोनात हे वाक्य आहे. का आहे? कारण त्याला माणूस ठाऊकच नाही. त्याला टोळी ठाऊक आहे, टोकन ठाऊक आहे. टोळी बाहेर आणि तिच्यातला एक जण आत, अशी परिस्थिती त्याच्या कल्पनेत मांडताच येत नाही. गेटच्या सॉफ्टवेअरला एकेक माणूस ठाऊक आहे. त्याच्या शक्य परिस्थितींत अशी एक परिस्थिती आहे. म्हणून गेटच्या बाजूला चौकोन नाही, नकाराचा शंकरपाळा आहे: परमिट बंद, आणि तरी एक जण आत, असं होऊ शकतं. वाक्य सामायिक नाही. फर्नेसने त्यावर विसंबू नये. गेटला विचारावं.

ज्याला एकटा माणूस दिसतच नाही, तो 'आत कोणी नाही' असं कोणत्या तोंडाने सांगतो?

"मॅडम, गेटचा हिसाब कच्चा है," अभिनव म्हणाला. "लोक बाहेर जाताना कार्ड लावत नाहीत. गेट म्हणेल एक आत आहे, आणि तो घरी झोपलेला असेल. फर्नेस उगाच थांबेल. मिलवाले मला फाडून खातील."

"उगाच थांबली तर पुन्हा पेटवता येते."

"बरं, एक उदाहरण द्या. टोळीत आहे पण गाडीत नाही, असा एक माणूस."

"गाडी बंद पडली तर?"

"गाडी बंद असेल तर टोळी येणारच नाही. नाव सांगा ना मॅडम. एक नाव."

"शक्यतेला नाव नसतं," मी म्हटलं.

तो हसला. ज्याला उत्तर कळत नाही तो माणूस असाच हसतो. पण घरी येताना रिक्षात मी खूप विचार केला. खरंच मला एकही माणूस सुचला नाही. सगळे कँप-एकचे, सगळे एका गाडीत. सुचला नाही म्हणून माझं तर्कशास्त्र चुकत नाही. तरी राग आला.

१९ फेब्रुवारी

रेणूला म्हातारपणी शिकवण्या घेण्याची हौस आली आहे. आज मला गॅसचं सिलिंडर कसं बदलायचं ते दाखवलं. काल वरणात हिंग कधी घालायचं ते. परवा जिरं, मोहरी, ओवा कुठे ठेवलाय ते, एकेक झाकण उघडून.

"मला कशाला सांगतेस? तू आहेस ना."

"सांगून ठेवते, ताई."

दुपारी विणत बसते. पिवळ्या लोकरीचं टोपडं, माझ्या मुठीएवढं. कोणासाठी म्हणून विचारलं तर म्हणे बोरसीच्या ओळखीच्या बाईकडे बाळ येणार आहे. लोकांच्या बाळांसाठी डोळे फोडून घ्यायचे. तिचा स्वभावच असा. आपलं घर सोडून सगळीकडे लक्ष. घर मात्र ती सोडणार नाही, एवढं आहे. नवरा गेल्यावर इथे आली ती एक रात्रही बाहेर राहिलेली नाही.

२५ फेब्रुवारी

मिलच्या मॅनेजरपुढे बैठक. शामसुंदर नाव, गोरा, टापटीप, मराठी. बोलणं गोड. गोड बोलणाऱ्या माणसाने निर्णय आधीच घेतलेला असतो.

"मॅडम, तुमच्याविषयी फार आदर आहे," त्याने सुरुवात केली, तेव्हाच मी काय ते समजले.

मी पान त्याच्यापुढे ठेवलं. म्हटलं, हे वाक्य चौकोनात घालायचं असेल तर माझी सही मिळणार नाही. सिद्धता माझ्या नावाने हवी असेल तर शंकरपाळा राहील.

तो अभिनवकडे बघू लागला, अभिनव गुंजनकडे, आणि गुंजन माझ्याकडे. मग गुंजन म्हणाली, "सर, एक महिना ट्रायल कर लेते हैं. मार्चभर फर्नेस गेटला विचारेल. गेट म्हणालं एक आत आहे, तर कोणीतरी जाऊन हाक मारेल. महिन्यात एकदाही खरंच कोणी सापडलं नाही, तर काढून टाकू."

महिनाभर असं झालं नाही म्हणजे होऊ शकत नाही, असं सिद्ध होतं का? सहा आठवडे शिकवलं आणि मुलगी पहिल्या पानावर परत आली. पण शामसुंदर खूष झाला. मी मान्य केलं, कारण नसतं केलं तर शंकरपाळा आजच गेला असता. मूर्खांशी वाटाघाट करताना महिनासुद्धा मिळकत असते.

१० मार्च

दोन सोमवार झाले. दोन्ही वेळा गेट म्हणालं एक आत, दोन्ही वेळा देवीदास उठून गेला, फ्लूच्या तोंडाशी हाका मारून आला, आत कोणी नाही. कार्ड न लावता गेलेली मंडळी. पहिल्यांदा टोळीतला फकिरा, दुसऱ्यांदा कोणी इलेक्ट्रिशियन. फर्नेस उशिरा पेटली.

मिलमध्ये याला आता 'मॅडमचं भूत' म्हणतात, असं गुंजनने सांगितलं. सांगताना हसली नाही. हसायचं ती आधीच हसली असणार.

१६ मार्च

आज रेणूने सांगितलं. भाजी निवडता निवडता, मान वर न करता.

भूपेंद्राने बोरसीला घर घेतलं आहे भाड्याने. दोन खोल्या आणि अंगण. डिसेंबरपासून तो आणि करिष्मा तिथेच राहतात. करिष्माला दिवस गेले आहेत. रेणू पुढच्या आठवड्यात तिकडे राहायला जाणार.

"डिसेंबरपासून?" मी म्हटलं. "आणि मला आज?"

"तुले सांगाची हिंमत होत नव्हती, ताई. तू म्हणशील, गेले का सगळे."

"मी असं कधी म्हणाले?"

"म्हणत नाही. डोळ्यानं म्हणतं."

मी विचारलं, एवढं दूर बोरसीला जाऊन मुलगा कामाला कसा जाणार. म्हणाली, "दीड महिना झाला, तो गाडीनं जातच नाही. स्कूटीनं येते-जाते. म्हणून त घेतली स्कूटी. ताई, तू आइकतं कुठं?"

मी उठून माझ्या खोलीत आले. इतके दिवस माझ्याच घरात, माझ्याच डब्यांसकट, हे सगळं चाललं होतं. टोपडं, हिंग, सिलिंडर. बाहेरच्या एखाद्या बाईनेही हे ओळखलं असतं. मला कळलं नाही याचं एकच कारण, माझं लक्ष महत्त्वाच्या कामाकडे होतं. माणसं आपली क्षुद्र गुपितं नेहमी अशाच वेळी उरकतात.

जावं खुशाल. मी एकटी राहायला घाबरते असं कोणी समजू नये.

२४ मार्च

रेणू काल गेली. आज सोमवार. गेट म्हणालं एक आत. निघाला सुपरवायझर, कँटीनमध्ये समोसा खात. मॅडमचं भूत समोसा खातं, असा आता विनोद झाला आहे. अभिनवने फोनवर तो मला स्वतः सांगितला. पुढच्या सोमवारी शेवटची चाचणी, मग शंकरपाळा काढणार. "आप भी आइए मॅडम. सही के लिए."

येईन. सही करणार नाही, हे तोंडावर सांगायला येईन.

वरणात हिंग आधी घातलं. करपलं.

३१ मार्च

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी कंट्रोल रूममध्ये होते. शामसुंदर, अभिनव, गुंजन, मी, आणि काचेतून दिसणारी फर्नेस. खिडकीपुढे गाडी भरली. तेजराम उतरला, टोकन दिलं, पुन्हा चढला. गाडी सुटली. पडद्यावर परमिट बंद.

मग गेटचं उत्तर आलं. एक आत.

"लो," शामसुंदर म्हणाला. "मॅडमचं भूत शेवटचं भेटायला आलं. गुंजन, इसको बायपास करो. जेवायला उशीर होतोय."

मी पडद्याकडे बघितलं. कार्डाच्या नंबरापुढे नाव येतं. नाव वाचलं. भूपेंद्र.

पहिल्यांदा मनात आलं ते हेच, की हा घोडाही कार्ड लावायला विसरला. घरी गेला असेल. स्कूटीने.

स्कूटीने.

पुढचं सगळं एका दमात दिसलं. गाडीत नाही. तेजराम गाडीत मोजतो. दीड महिना मी ज्याचं नाव शोधत होते, त्याने माझ्या सोफ्यावर बसून चहा प्यायला होता.

मी काय बोलले आठवत नाही. गुंजन म्हणते, मी ओरडले. मी आयुष्यात वर्गातसुद्धा ओरडले नाही. गुंजनने बायपासवरचा हात काढून घेतला होता आणि देवीदासला फोन लावला होता. तो खुर्चीतून उठायला वेळ लावत होता, ते काचेतून दिसत होतं. हेल्मेट तिथेच टाकून मी खाली गेले. त्या जिन्याला कठडा एकाच बाजूला आहे.

फ्लूच्या चौकोनी तोंडाशी देवीदासने हाक मारली. काही नाही. मी मारली. "भूपेंद्र!"

खूप आतून आवाज आला. "मावशी? तू कावून आली इथं?"

राखेने काळा झालेला, हातात मोबाईलचा दिवा धरून वर आला. किल्ली पडली होती. त्याच खिशातून. सगळे गाडीकडे गेल्यावर लक्षात आलं म्हणून परत उतरला. दुसऱ्या हाताच्या मुठीत किल्ली होती आणि तो हसत होता.

मी त्याच्या कानशिलात मारली. सगळ्यांसमोर.

तेजराम गाडी वळवून परत आला. गुंजननेच फोन केला होता. म्हातारा खाली उतरला आणि गाडीलाच धरून उभा राहिला. "बाई, तो आपल्या गाडीनं जाते म्हणून मी त्याले मोजतच नव्हतो," एवढंच दोनदा म्हणाला. त्याला मी काही बोलले नाही.

शामसुंदर जेवायला गेला नाही. अभिनवने हळूच विचारलं, "मॅडम, ते तुमचे कोण?"

"उदाहरण," मी म्हटलं.

३ एप्रिल

शंकरपाळा राहिला. फर्नेस कायमची गेटला विचारणार आणि हाक मारणारा माणूसही राहणार. सही केली. शामसुंदर आता सांगत फिरतो की सुरुवातीपासून त्याचा याच पद्धतीवर विश्वास होता. शिल्पाचा फोन आला, मुलाचं नाव झालं म्हणून पेढे घेऊन येणार आहे. गुंजनने एका कागदावर सगळी मांडणी न बघता लिहून आणली. एक चूक होती. एकच.

संध्याकाळी रेणू आणि भूपेंद्र आले. रेणू माझा हात धरून बसली आणि रडली. मी तिला रडू दिलं आणि त्याचा खिसा शिवला. किल्लीला माझ्या कॉलेजातल्या कपाटाच्या किल्लीची जुनी नाडी बांधून ती त्याच्या गळ्यात घातली. लहान पोरासारखी दिसते म्हणाला. दिसू दे.

"ताई, तू बी चाल ना बोरसीले," रेणू म्हणाली. "अंगण हाय."

मी म्हटलं, मला इथे कामं आहेत.

जाताना भूपेंद्र म्हणाला, "मावशी, रोज बाहेर आलो का तुले मिस कॉल देत जाईन. उचलू नको."

काही गरज नाही, सांगितलं. त्यासाठी सॉफ्टवेअर आहे.

१७ एप्रिल

मिस कॉल रोज येतो. सहाच्या सुमाराला. दोनदा वाजतो आणि बंद होतो. मी उचलत नाही.

आज गुरुवार. रेणू दुपारी आली होती. बोरसीला आता ती राहतेच, त्यामुळे घाई नव्हती. माझ्या कोरड्या ताटासमोर बसून पोटभर जेवली. मी उपास केला. गुंजनला सांगितलं पाहिजे.

काल सहा वाजून गेले तरी फोन वाजला नाही. नंतर वाजला. म्हणे साखळीत काही अडकलं होतं म्हणून स्कूटी ढकलत नेली. स्कूटीला साखळी नसते, हे मला कळतं. चहा प्यायला थांबला असेल.

आजवर रोज आला, यावरून उद्या येईल असं काही निघत नाही. हे मी सगळ्या भिलाईला समजावून सांगितलं आहे, तेव्हा मला तरी ते विसरता येत नाही. म्हणून साडेपाचपासून मी फोन हातात घेऊन बसते. यात भावनेचा काही संबंध नाही. हा तर्काचा भाग आहे.